पिसोरीचा नकाशा

एका जंगलात शाळा होती, मुलांनो. फळा होता, घंटा होती आणि करकोचा गुरुजी होते. तिथे शिक्षण होतं का, असले आगाऊ प्रश्न विचारू नका. गोष्ट ऐका.

गुरुजींनी गटागटाला गृहपाठ दिला. आपल्या ओढ्याचा नकाशा काढून आणा. एका गटात पोपट, माकड आणि पिसोरी होती. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. बिचारी दोनदा नापास झालेली. "यंदा नापास झालीस तर शाळा बंद. चरायला चल माझ्याबरोबर," असं आईने बजावलं होतं.

पिसोरी आठ दिवस ओढ्याकाठाने पार उगमापर्यंत चालली. पायांना जळवा चिकटल्या. नकाशा तिने एकटीने काढला. पोपट रोज येऊन "छान चाललंय" म्हणायचा. माकडाने एकदा नकाशा हातात घेतला आणि कोपरा फाडला.

गुरुजी काही दुधखुळे नव्हते. गटात एक राबतो आणि बाकीचे आयते गुण मिळवतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "यंदा नुसता नकाशा तपासणार नाही. तुम्हाला समोर बसवून चर्चा करीन. काम कोणी केलं ते बोलण्यातून लगेच कळतं."

पिसोरीने आनंदाने दोन उड्या मारल्या.

चर्चेच्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "काही अडलं का रे?"

"छे! अगदी सोपं होतं, गुरुजी," पोपट म्हणाला.

"मलाही काहीच अडलं नाही," माकड म्हणालं. ते खोटं बोलत नव्हतं.

"आणि तुला गं?"

पिसोरी भडाभडा बोलू लागली. "खूप अडलं, गुरुजी! करवंदीच्या जाळीपाशी ओढ्याला दोन फाटे फुटतात, तिथे मी तीनदा वाट चुकले. डोह किती खोल आहे ते अजून नीट कळलं नाही. वडाखालचं वळणही मला वाटतं थोडं चुकलंय."

गुरुजींनी वहीत लिहिलं. पोपट, उत्तम. माकड, उत्तम. पिसोरी, विषय कच्चा, नापास.

"पण गुरुजी, नकाशा मीच..."

"असा हेवा करू नये, बाळ," गुरुजी मायेने म्हणाले. "इतकं अडत होतं तर या दोघांना विचारायचंस. त्यांनी समजावलं नसतं का?"

दुसऱ्या दिवसापासून पिसोरी आईबरोबर चरायला जाऊ लागली. मला तर रडूच आलं होतं. नकाशा मात्र शाळेच्या भिंतीवर लागला. खाली दोन नावं होती.

तात्पर्य : गृहपाठ खुशाल करा. पण चर्चेला बसाल तेव्हा ओढा कधी पाहिलाच नाही अशा थाटात बोला. गुरुजींनीही तो पाहिलेला नसतो.