लिंबाचा ठराव आणि डॉक्टर सौकतची पाटी

स्वच्छतेला जगात कोणाचाही विरोध नसतो, आणि म्हणूनच तिच्या नावावर कोणाचंही काहीही करता येतं. हे माझं मत नव्हे. आमच्या इमारतीतल्या मालक संघाच्या कामकाजातून ते आपोआप सिद्ध झालेलं आहे. मी, बह्जत, या संघाचा सचिव. त्यामुळे सिद्ध होताना मी हजर होतो, तेही पहिल्या रांगेत.

आमची इमारत अलेक्झांड्रियात क्लिओपात्रा भागात, ट्रॅमच्या रुळांच्या अलीकडे आहे. ती कोणा इटालियनाने बांधली, जिना पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा केला आणि तो गाशा गुंडाळून मायदेशी निघून गेला. जिना पुसायची जबाबदारी मात्र मागे ठेवून गेला. इमारतीला लिफ्टही आहे. (चालत नाही, पण आहे.) संघाच्या अध्यक्षा मादाम इन्शिराह मंत्रालयातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाल्या. कोणतं मंत्रालय, असं विचारलं की त्या शांतपणे "मंत्रालय" एवढंच म्हणतात, आणि विचारणाऱ्यालाच आपलं शिक्षण कमी पडलं असं वाटतं.

पूर्वी आमचा दरवान अम्म (म्हणजे काका) शाझली जिना क्लोरीनच्या पाण्याने धुवायचा. जिना चकाकायचा आणि रहिवासी खोकायचे. सगळ्यात जास्त खोकायच्या चौथ्या मजल्यावरच्या फिक्रिया. त्यांना सगळी इमारत तान्त म्हणते, म्हणजे मावशी. त्या डॉक्टर शौकत रुश्दींच्या विधवा. डॉक्टर कान-नाक-घशाचे होते, आणि या भागातल्या निम्म्या लोकांच्या घशात त्यांनी कधी ना कधी चमचा घातलेला आहे. एका बैठकीत तान्त उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईकडे अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ, बस्स. पितळेची परात नुसती झळझळायची. माझ्या दारापुढे तेवढं लिंबू फिरवाल का? या क्लोरीननं छाती भरून येते हो माझी."

मागणी साधी होती, आणि साध्या मागणीला संघात फार गांभीर्याने घेतात.

"एका दारापुढे लिंबू आणि बाकीच्यांना क्लोरीन?" मादाम म्हणाल्या. "तान्त, आपण नागरिक आहोत. भेदभाव नको. लिंबू सगळ्यांना."

अशा रीतीने नैसर्गिक स्वच्छतेचा ठराव मंजूर झाला. ठरावानुसार इमारतीतला सर्व संगमरवर, मग तो पायाखालचा असो, भिंतीवरचा असो वा अन्य कुठला, दर गुरुवारी लिंबू आणि जाड मीठ लावून घासायचा होता. "वा अन्य कुठला" हे शब्द मी सुचवले. ठरावाला वजन येतं त्याने.

लिंबाला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सार्डिन साफ केल्यावर हाताला येणारा वास लिंबाशिवाय जात नाही. नळावर बसलेला पांढरा थर, तांब्याच्या भांड्यावरचा काळपटपणा, मोरीतला कुबट दर्प, या सगळ्यांवर लिंबू गुणकारी आहे. शिवाय ते स्वस्त आहे (उन्हाळा सोडून), घरोघरी आहे आणि त्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात इशारे छापलेले नसतात. आमच्या बैठकीत हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. ज्यावर इशारा छापलेला नाही ते निर्धोक असतं, असं मादाम म्हणाल्या. माझ्या सासूबाईंवरही इशारा छापलेला नाही, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

अंमलबजावणी शिस्तीत झाली. अम्म शाझली टोपलीभर बलदी, म्हणजे गावठी, लिंबं घेऊन बसायचा. लिंबं आधी पिळलेली चालतील की नाही, याबाबत ठराव गप्प होता. म्हणून तो अर्धं लिंबू आधी आपल्या नाश्त्याच्या उसळीवर पिळायचा आणि उरलेलं पायरीवर घासायचा. पायरीवर बारीक फेस यायचा. कान लावला तर सुंसुं असा आवाजही यायचा.

"ऐकलंत? मळ तडफडतोय," मादाम म्हणाल्या.

याच वेळी दुसऱ्या मजल्यावर उस्ताज वफ्दी यांची रसायनशास्त्राची खासगी शिकवणी चालायची. दार उघडंच असायचं, कारण सगळी मुलं आत मावत नव्हती. आतून वफ्दी गरजायचे, "संगमरवरावर आम्ल पडलं की काय होतं?" आणि सगळी शिकवणी एका सुरात ओरडायची, "फसफसतं सर! संगमरवर झिजतो सर! कार्बन डायऑक्साइड निघतो सर!" मग शिकवणी सुटायची, आणि तीच मुलं अम्म शाझलीच्या फसफसणाऱ्या पायऱ्या चपला सांभाळत ओलांडून घरी जायची. अभ्यास आणि आयुष्य यांची इतकी जवळून गाठ पडलेली आणि इतक्या सभ्यपणे एकमेकांना वाट करून दिलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

काही महिन्यांनी जिन्याची चकाकी गेली. पुढे हात लावला की पांढरी भुकटी बोटाला यायला लागली. संघाने याची तातडीने दखल घेऊन पुढील खुलासा केला: चकाकी हा मुळात रासायनिक दिखाऊपणा होता, दगडाचा खरा चेहरा आता दिसतो आहे, आणि खडबडीत पायरीवरून कोणी घसरत नाही. रहिवाशांचं समाधान मोजण्यासाठी मादाम स्वतः दारोदार गेल्या आणि "तुम्ही समाधानी आहात ना?" असं विचारून आल्या. एकशेचार टक्के लोक समाधानी निघाले. (वरचे चार टक्के पाहुणे होते.)

लोक समाधानी का निघाले, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे मनाविरुद्ध एखादी गोष्ट करायची वेळ आली, नको त्या माणसाला मत द्यायचं असो की नको त्या लग्नाला जायचं असो, तर माणूस "स्वतःवर लिंबू पिळतो" आणि ती करून टाकतो. आंबट तोंड झाकायला लिंबासारखं दुसरं काही नाही. तेव्हा त्या काळात आमच्या इमारतीत लिंबाचा खरा खप जिन्यावर होत नव्हता.

मग पाटीची वेळ आली.

प्रवेशद्वाराशेजारी डॉक्टर शौकत रुश्दींच्या नावाची संगमरवरी पाटी होती. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, पण घर कागदोपत्री अजून त्यांच्याच नावावर आहे. रहिवाशाचंच नाव पाटीवर असावं, असा संघाचा नियम आहे. तेव्हा पाटी नियमात बसत होती. ती पाहून तेव्हाही महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी घशात माशाचा काटा घेऊन चौथ्या मजल्यावर पोचायचं, घंटा वाजवायचं आणि विचारायचं, "डॉक्टर आहेत का?"

तान्त म्हणायच्या, "आत्ताच बाहेर गेलेत." मग त्या माणसाला कोरडी भाकरी गिळायला लावायच्या, काटा उतरला की चहा द्यायच्या, आणि "डॉक्टर आले की सांगते हं" म्हणून दारापर्यंत पोचवायच्या. त्या दिवशी त्या खोकायच्या कमी. तो एक प्रश्न कोणीतरी दारात येऊन विचारावा, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

पाटीही संगमरवरीच होती, आणि ठरावात "वा अन्य कुठला" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. अम्म शाझली तिलाही दर गुरुवारी मन लावून घासायचा.

आमच्या अरबी लिपीत अक्षरांचं सगळं नशीब ठिपक्यांवर असतं. 'श'वर तीन ठिपके असतात, ते गेले की 'स' उरतो. 'त'वरचे दोन गेले की ते अक्षर त, ब, थ यांतलं कोणतंही असू शकतं. पाटीवर ठिपकेच सगळ्यात उथळ कोरलेले होते. तेच आधी गेले. एका सकाळी तान्त पाव आणायला खाली उतरल्या आणि दारात थबकल्या. पाटीवर नाव होतं: डॉक्टर सौकत रुस्दी.

त्यांनी तातडीची बैठक बोलवायला लावली.

"लिंबू थांबवा," त्या म्हणाल्या. "निदान पाटीवरचं तरी. माझ्या माणसाचं नाव खाल्लंय त्यानं."

"तान्त, लिंबाची मागणी तुमचीच होती," मादाम मऊ आवाजात म्हणाल्या.

"परातीसाठी म्हटलं होतं मी! दारापुढे थोडंसं! मी काय म्हटलं, सगळा दगड खाऊन टाका?"

मादाम वफ्दींकडे वळल्या. "उस्ताज वफ्दी, तुम्ही विज्ञानाचे. लिंबाने दगडाला काही होतं का?"

ज्यांची मुलं वफ्दींकडे शिकत होती, त्या सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. वफ्दींनी घसा साफ केला.

"तो भाग यंदा अभ्यासक्रमातून वगळलाय, मादाम," ते म्हणाले. "परीक्षेला येत नाही."

"वगळलाय!" तान्त म्हणाल्या. "मग दगडाला कळवलंत का तसं? वफ्दी, सात वर्षांचा होतास, टॉन्सिल घेऊन रडत आला होतास माझ्या घरी. आज ज्या घशातून बोलतोयस ना, तो कोणी नीट केला रे?"

वफ्दींचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तो तिथेच राहिला.

यानंतर बैठक मूळ मुद्द्यावर आली. पाटीवर जे नाव आहे ते कोणाचं? मादामनी कागद मागवले. इमारतीत डॉक्टर सौकत रुस्दी नावाचा कोणीही रहिवासी नव्हता, पूर्वीही नव्हता. शेवटचं अक्षर त धरायचं की ब, यावर अर्धा तास चर्चा झाली. सौकत, सौकब, सौकथ, तिन्ही नावं तपासण्यात आली. तिघांपैकी एकानेही कधी देखभालीचा हिस्सा भरलेला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, की अशा अनोळखी माणसाची पाटी दारावर असणं सुरक्षिततेच्या दृष्टीने बरं नाही. ते खुद्द डॉक्टर शौकतांच्या लग्नाला नाचले होते.

निर्णय तर्काला धरूनच झाला. अनोळखी डॉक्टरची पाटी उतरवावी. मादामनी हात वर करायला सांगितले. वफ्दींनी गळ्यावरचा हात सोडला आणि तोच वर केला. सगळ्यांचे चेहरे एकदम आंबट झाले, म्हणजे लिंबू नीट पिळलं गेलं होतं. तान्तनी हात वर केला नाही, पण त्यांच्या नावावर काही घर नसल्यामुळे त्यांना मताचा अधिकारही नव्हता. (तो डॉक्टर शौकत यांना आहे. ते गैरहजर होते.)

दुसऱ्या दिवशी अम्म शाझलीने पाटी उतरवली. तान्त खाली येऊन उभ्या होत्या. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी म्हटलं, "द्या तान्त, मी नेतो वर."

"नको," त्या म्हणाल्या. "एवढंच कर, बह्जत. तू सगळं वाचतोस, लिहितोस. एकदा मोठ्यानं वाचून दाखव. काय लिहिलंय हिच्यावर?"

आता सचिवाला जे लिहिलेलं असतं तेच वाचता येतं. पदाची मर्यादा असते. मी वाचलं, "डॉक्टर सौकत रुस्दी."

त्यांनी पाटी पुन्हा छातीशी नीट धरली. मग "बरं" म्हणाल्या आणि पायरी पायरीवर थांबत, खोकत वर गेल्या. मला वाईट वाटलं. (ही भावना वैयक्तिक असून संघाचा तिच्याशी काही संबंध नाही.)

त्यानंतर चौथ्या मजल्याची घंटा वाजलेली नाही. काटा अडकलेली माणसं आता बहुधा सरकारी इस्पितळात जातात. परवा मी वर गेलो होतो, गुरुवारच्या घासण्याच्या वेळेबद्दल सही घ्यायला. मी दार वाजवलं, तशा आतून तान्त लगबगीने आल्या, चेहऱ्यावर पावडर लावलेली, आणि दार उघडायच्या आधीच म्हणाल्या, "आत्ताच बाहेर गेलेत हो!" मग मला पाहिलं. सही मात्र त्यांनी दिली.

एवढा वृत्तान्त मी तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर दिला, कारण तुमचाही यात सहभाग आहे. संगमरवरावर लिंबू चालत नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुमच्या ओट्यावर डाग पडलेलाही असेल. तरी अम्म शाझलीने पायरीवर पहिलं लिंबू ठेवलं तेव्हा तुम्ही "अहो, थांबा" म्हणाला नाहीत. पुढे काय गंमत होते ते बघू, म्हणून वाचत राहिलात. मी उपस्थितांच्या यादीत तुमचं नाव घातलं आहे, आणि ठराव एकमताने मंजूर झाला असं लिहून खाली सही केली आहे.