आप्पांची मोड

आमच्या बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळीतल्या शिवलिंगप्पांना, म्हणजे आप्पांना, काहीही दाखवा, ते आधी विचारणार, "वजन किती?" हयात भांडी किलोवर विकण्यात गेली, एक वेळ समजू शकतो. पण माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तर ती तळहातावर दोनदा झेलून म्हणाले, "हलकी हाय." अशा माणसाला मी क्लाउडचे फायदे सांगायला गेलो. बुद्धी फिरली होती, दुसरं काय!

दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. आप्पांचा कॉम्प्युटर इतका तुंबला होता की बिल निघेना. उघडून बघतो तर आत नुसते फोटो. चेपलेले तांबे, फुटक्या घागरी, बूड गेलेली पातेली. गिऱ्हाइकांनी मोडीला घातलेला माल, वितळवायला जायच्या आधी काढलेला.

"आप्पा, हा कचरा पुसू?"

त्यांनी माझं मनगटच धरलं. "हात लावायचं न्हाई."

"मग सगळं क्लाउडवर ठेवू. डबडं जळलं तरी काही जात नाही. तुम्ही बिदरला असलात तरी फोनवर दुकान दिसतंय."

"वजन किती त्याचं?"

"वजन नसतंय, आप्पा."

"वजन न्हाई ती चीजच न्हाई. कामून डोकं खायलास, तम्मा?"

मग मी जास्तीचा शहाणपणा केला. क्लाउड म्हणजे ढग, ढगाला कन्नडात 'मोड', आणि आप्पांच्या घरात कन्नड. म्हटलं, "असं समजा, तुमचं दुकान मोडात ठेवायलोय."

झालं! भांडीवाल्याला मोड एकच ठाऊक, वितळवायला जाणारी. दुपारपर्यंत सगळ्या बाजारात बातमी, की मी आप्पांचं दुकान मोडीत काढायलोय. माझ्या सासऱ्यांचासुद्धा फोन आला. आता या माणसापुढं कपाळ फोडावं का भिंतीवर, सांगा.

शेवटी बिलावाचून गिऱ्हाईक परत जायला लागलं, तेव्हा म्हणाले, "लाव तुझी ती हलकी चीज. पण मोड म्हणू नको." मी लावलं आणि हात जोडून सुटलो.

पुढं एका दुपारी लाइटचा दाब वाढला आणि कॉम्प्युटर धूर सोडून गप्प झाला. मी गेलो तेव्हा आप्पा गल्ल्यावर नुसते बसले होते. मला वाटलं, आता बिलं विचारतील, स्टॉक विचारतील.

"फोटो गेले?" एवढंच विचारलं.

मी त्यांच्याच फोनवर फोटो उघडून दिले. ते बोटानं मागं मागं सरकवत पार पहिल्या फोटोवर गेले. पितळी घागर, गळ्यावर कोरलेलं: 'चि. महादेवी हिस, आईकडून.' महादेवीअक्का म्हणजे आप्पांची बायको. दोन पावसाळ्यांमागं गेल्या.

"लॉकडाऊनात दुकान बंद होतं," आप्पा म्हणाले. "तिनंच माहेरची घागर मोडीला घाल म्हणली. मी नावाचा फोटो तेवढा काढून घेतलो. तवापासून कुणाचंबी नाव तसंच वितळवायला जीव होईना."

इतके दिवस मी त्याला कचरा म्हणत होतो.

"मोडीला गेलेलं परत आलेलं पहिल्यांदाच बघायलोय," ते म्हणाले, आणि फोन तळहातावर हलकेच झेलला.

"वजन किती, आप्पा?" मी विचारलं.

"लई हाय," म्हणाले, आणि फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.