सोयरिकीत खोकला

"आज कुणाच्याही नाकात काडी घालायची नाही," लेकीने दारातच बजावलं. "आणि 'खोकला कधीपासून?' असंही विचारायचं नाही. शपथ घे."

"घेतली," बाई म्हणाल्या आणि तोंडाशी रुमाल धरून खोकल्या.

"हे काय?"

"मागे कचेरीतलं जुनं कपाट आवरलं ना, त्याची धूळ. अजून घशात बसलीय."

बाई साथरोगतज्ज्ञ. लस असूनही डांग्या खोकला पुन्हा पुन्हा डोकं वर का काढतो, या एका प्रश्नापायी त्यांचे केस पिकले होते. कचेरीत त्यांना पाठीमागे खोकलेबाई म्हणत. त्या जिन्यात दिसल्या की शेजारी आलेला ठसकासुद्धा गिळून टाकत. लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणी तर तपासणीच्या त्या काडीच्या धास्तीने घरी यायच्याच बंद झाल्या होत्या. लग्न तरी सुरळीत जमावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मुलाच्या घरी आगतस्वागत झालं, चहा आला. होणारे सासरे मोठे गप्पिष्ट. थोरल्या सुनेचं तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसले होते. स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्यांना उबळ आली. खोकल्यावर खोकला, मध्ये श्वासालाही उसंत नाही, आणि शेवटी शिट्टीसारखा आत ओढलेला लांब श्वास.

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला. लेकीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. बाईंनी घाईघाईने बिस्कीट तोंडात कोंबलं, पण नजर बाळावरून हलेना. लस टोचण्याइतकं त्याचं वयच नव्हतं.

"शपथ गेली खड्ड्यात!" बाई उठल्या. "आधी ते बाळ आईकडे द्या आणि आतल्या खोलीत न्या. खोकला कधीपासून?"

लेकीने कपाळाला हात लावला.

"अहो ताई, धुळीचा आहे हा," सासरे म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात. मान वर करा." पर्समधून काडी निघालीच.

सासऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सासूबाई कडाडल्या, "सोयरीक करायला आलात की झडती घ्यायला?"

"डांग्या खोकला लागलेली तान्ही बाळं मी पाहिलीत हो," बाई हळूच म्हणाल्या. "ती खोकतही नाहीत. नुसता श्वास थांबतो."

सासूबाईंनी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. "मग आता?"

"बाळाला आजच डॉक्टरांना दाखवायचं. औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं. आणि यांच्याआधी कोण खोकत होतं ते सांगा. साथीचं मूळ सापडलंच पाहिजे."

नवरदेवाने शाळेत उभं केल्यासारखा हात वर केला. "मी."

"तुला कुणाकडून?"

त्याने लेकीकडे पाहिलं. लेक चहाच्या कपात बघू लागली.

"तू? आणि मला बोलली नाहीस?"

"काडी घातली असतीस!"

"अगं, पण तुला कुणाकडून लागला?"

लेक नुसती आईकडे बघत राहिली. तेवढ्यात बाईंच्या घशातली कपाटाची धूळ उसळली. त्या वाकून वाकून खोकल्या, आणि शेवटी तोच शिट्टीसारखा लांब श्वास.

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

"ताई," सासूबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "मोठेपणी पुन्हा घ्यायची ती लस तुम्ही घेतली असेलच?"

"घेणारच होते," बाई पुटपुटल्या. "लोकांना पटवता पटवता राहून गेलं."

सासऱ्यांनी लालबुंद नाक पुसलं आणि हात पुढे केला. "दुसरी काडी आहे?"

बाईंनी मुकाट्याने पर्स उघडली.

"हं, मान वर करा, विहीणबाई."