पाठ झालं का?

एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी तुम्ही काय बोलता? फार तर "कुठपर्यंत?" असं विचारता. आमच्या सुभद्रामावशी बसल्या बसल्या सांगतात, "हे बघा, मी मेले तर घाबरायचं न्हाई."

माणूस अर्थातच घाबरतो. बस अजून हिंगोलीच्या स्टँडातून हललेलीसुद्धा नसते.

"माझं नाव सुभद्राबाई खिल्लारे. ऱ्हानार हिंगोली, पान्याच्या टाकीमागं. पोरगी वाशिमला, जावई पोस्टात. आता म्हना."

माणूस कसनुसं हसतो. मावशी हसत नाहीत. उभं आयुष्य अंगणवाडीत लेकरांकडून बडबडगीतं घोकून घेतलेली ही बाई. समोरचा मिशीवाला हवालदार असला तरी तिच्या लेखी तो नाक पुसायचं राहिलेलं लेकरूच. एकदा खरोखरच एका हवालदाराला त्यांनी दोन वेळा म्हणायला लावलं, कारण पहिल्या वेळी तो जावयाचं पोस्ट विसरला. मग त्यांचा ठरलेला प्रश्न आला, "पाठ झालं का?" हवालदार म्हणाला, "झालं बाई." सगळी बस गालातल्या गालात हसत होती.

मावशी माझ्या शेजारीण. मी औंढ्याच्या शाळेत शिकवते आणि रोज हिंगोलीहून जाणं-येणं करते, त्यामुळे त्यांचे हे प्रयोग मला फुकटात बघायला मिळतात. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. चढायच्या आधी त्या ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहतात आणि त्याला विचारतात, झोप झाली का, जेवलास का, घरी भांडून तर आला नाहीस ना. त्याचे डोळे लाल दिसले तर सरळ पुढच्या बसची वाट बघतात. सर्वांत पुढचं सीट नको, कारण धडक तिथे बसते. सर्वांत मागचं नको, कारण माणूस उडतो. पूल आला की डोळे गच्च मिटून घेतात आणि शेजाऱ्याला सांगून ठेवतात, सरला की सांगा म्हणून. सायरनच्या गाडीचा तर त्यांना असा धसका की नुसता आवाज आला तरी त्या पदर तोंडाशी धरतात.

बरं, एवढी भीती वाटते तर घरी बसावं. पण नाही. आठवड्यातून एकदा तरी मावशी निघाल्याच. कधी सेनगाव, कधी औंढा, कधी वाशिम. काम विचारलं तर सांगतील, लेकीला लोणचं द्यायचंय. लोणचं संपलं असेल तर सांगतील, बरणी परत आणायचीय.

मी एकदा म्हटलं, मावशी, मी येते सोबतीला, सुट्टीच आहे मला. त्यांना माझा रागच आला. म्हणाल्या, "तू कशाला? दोघी गेलो की आपल्या आपल्यात बोलत बसू. एकट्यानंच जायचं असतंय."

त्या वेळी मला ते खूळ वाटलं. आणि खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखंही वाटलं, कारण मला बसमध्ये कुणाशी बोलायला आवडत नाही. मी चढते, मोबाइल काढते आणि मान खाली घालते. कोण कसा असेल, काय सांगावं. भीती मलाही वाटतेच. फक्त मी गप्प राहून भिते आणि मावशी बोलून भितात.

स्वतःचं पाठ करून घेतलं की मावशी समोरच्याची उलटतपासणी सुरू करत. नाव काय, गाव कोणतं, घरी कोण, कुणाकडे चालला? हे चालू असताना फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा त्याच्या हातावर आलेला असे. पुढचा स्टँड येईपर्यंत त्याच्या आईचे गुडघेसुद्धा मावशींच्या ओळखीचे झालेले असत. पण उतरल्यावर मागे वळून बघणं नाही. एका पोरीने हौसेने फोन नंबर मागितला, तर मावशी म्हणाल्या, "नंबर काहून पायजे? औंढ्यापर्यंतचं मानूस औंढ्यापर्यंत."

त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी काढायला आलेल्या. बसमध्ये मावशी होत्या, म्हणून मी मुद्दाम दोन सीटं मागे बसले. त्यांच्या शेजारी फरशी बसवणारा एक परप्रांतीय माणूस होता, पायाशी हत्यारांची पिशवी. त्याला मराठी येत नव्हतं आणि मावशींचं हिंदी म्हणजे मराठीच, जरा मोठ्या आवाजात. तरी पाठांतर झालंच. "सुबद्राबाई, हिंगोली, पानी की टंकी," असं तो म्हणाला तेव्हा मलाही हसू आलं.

थोडं पुढे गेल्यावर तो माणूस पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकून बसला. झोपला असेल असं वाटलं. मग तो बाजूला कलंडला आणि खाली पडला. डोळे पांढरे, तोंडाला फेस. बस थांबली. कंडक्टरने विचारलं, कोण आहे यांच्यासोबत? सोबत कोणीच नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पिलेला असंल. त्याच्या मोबाइलला कुलूप. हा माणूस इथेच आपल्यासमोर मरणार आणि हा कोण हे कुणाला कळणार नाही, एवढंच मला सुचत होतं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. दांडा धरूनच त्या बोलल्या, पण अंगणवाडीत बोलावं तशा, एकेक शब्द सुटा करून.

"ह्याचं नाव रामसजीवन. गाव गोंडा जिल्ह्यात. औंढ्याला मंदिरामागं नव्या लॉजवर ह्याचा चुलतभाऊ फरशी बसवून राहिला, त्याचं नाव राजू. घरी बायको, दोन पोरी. त्यो पिलेला न्हाई. सकाळपासून डोकं दुखत हाये म्हनला."

कंडक्टरने लगेच औंढ्याला फोन करून कुणाला तरी त्या लॉजवर पळवलं. अँब्युलन्स आली, सायरनसकट. सोबत कोण येतंय असं विचारल्यावर मावशींनी पदर तोंडाशी धरला, आणि तसाच धरून त्या आत चढल्या. त्यांना एकटं कसं सोडणार म्हणून मीही चढले. दवाखाना येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मधला पूल सरल्याचं सांगायचंही मला सुचलं नाही. पण त्याचा हात धरून त्या एकसारख्या हाक मारत होत्या, "रामसजीवन. ए रामसजीवन. आइकून राहिला ना?"

डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. राजू पळतच आला, हाताला सिमेंट तसंच. नाव सांगितलं म्हणून मी पोचलो, असं काहीसं तो हिंदीत म्हणाला आणि मावशींच्या पाया पडला. फिटचा जुना आजार होता. दुपारपर्यंत रामसजीवन शुद्धीवर आला.

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. मी विचारलं, मावशी, इतकी भीती वाटते तर कशाला करता हे?

त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "आमचे हे असेच गेले. पुन्याहून घराकडं येत होते, गाडीतच गेले. मी मागून त्या गाडीतल्या मानसांला हुडकून भेटले. समदे म्हनले, लई चांगला मानूस होता. सगळ्यांला शेंगा वाटल्या, लेकरांला हसवलं. पन नाव कोनीच इचारलं न्हाई पोरी. चार दिस बेवारस म्हनून पडून होते."

मला रडू आलं. मावशी रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भीती वाटतेच गं, पन हे माझ्यासाठी न्हाई. माझं नाव मी आधी सांगते, मंग समोरचा आपलं सांगतो. नाहीतर कोन सांगतंय?"

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसायला गेले, तर त्यांनी सीटवर पिशवी ठेवली आणि हनुवटीने पुढे खूण केली. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते, धोतर, टोपी, मांडीवर गाठोडं. बावीस पोरांच्या वर्गासमोर रोज उभी राहणारी बाई मी, पण हात सवयीने मोबाइलकडेच गेला.

त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "काका, माझं नाव मंगल. हिंगोलीला राहते, पाण्याच्या टाकीमागं. औंढ्याच्या शाळेत शिकवते."

त्यांनी गाठोडं घट्ट धरलं आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. बस सुटली, गाव मागे पडलं. मग टोपी सरळ करून हळूच म्हणाले, "मी मारोती. सेनगावचा. घरी कोनी न्हाई बाई, पन शेजारी गफूरभाई हाये, त्यालाच सांगा."

"मारोतीकाका, सेनगाव, शेजारी गफूरभाई," मी मनात म्हणत राहिले. समोर पूल दिसायला लागला होता. मागच्या सीटवर मावशींनी डोळे मिटून घेतले असणार, कारण आवाज मिटल्या डोळ्यांचा आला.

"पाठ झालं का, पोरी?"