दिगांबरभाऊंची ओसरी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'पान सापडले नाही' अशी पाटी आली की दिगांबरभाऊ खुर्चीतून उठून उभे राहतात. पडदा कोणाचाही असो, वेबसाइट कोणाचीही असो. मी आपला मुकाट्याने विजेचं बिल भरायला बसलेला असतो, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं, पाटी येते, आणि पलीकडच्या टेबलावरून गर्जना होते, "हे काय बोलणं झालं? आलेल्या माणसाले असं सांगते का कोणी?"

मी म्हणतो, "भाऊ, मशीन आहे ती."

"मंग मशीनले शिकवलं कोणं?" असं म्हणून ते माझ्याकडे असे बघतात, जणू मीच रात्रंदिवस जागून शिकवलं. एकदा तर त्यांनी त्या कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावून पोटभर भांडण केलं. तेही माझ्या फोनवरून, माझं नाव सांगून.

दिगांबर खोडे हे माझे सहकारी. वर्ध्यात आमचं लहानसं ऑफिस आहे. लोकांना वेबसाइट आणि वेबवर चालणारी अ‍ॅप्लिकेशनं करून देतो. मी सेलूहून येतो, ते आंजीहून. पन्नाशी ओलांडलेला, जाड भिंगांचा, कायम कशाने तरी पेटलेला माणूस. डबा मात्र दोन माणसांचा आणतात. का, तर "कोणी आलं तं?" कोणी येत नाही. मग ते जास्तीचं सगळं मला खावं लागतं, आणि वर "लाजू नको" हेही ऐकून घ्यावं लागतं.

आता आमच्या धंद्यातली शहाणी माणसं तयार फ्रेमवर्क घेतात. फ्रेमवर्क म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचा सांगाडा. कोणती मागणी कुठे पाठवायची ते ठरवणारा राउटर, प्रत्यक्ष काम उरकणारा कंट्रोलर, माहिती सांभाळणारं मॉडेल आणि माणसाच्या डोळ्यांना दिसणारं पान, म्हणजे व्ह्यू. जगभरच्या हुशार लोकांनी हे सगळं करून फुकट ठेवलं आहे. उचला आणि कामाला लागा! पण दिगांबरभाऊ तयार वस्तूला हात लावतील तर शपथ. त्यांनी स्वतःची फ्रेमवर्क लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'ओसरी'.

"राउटर म्हंजे ओसरीवर बसलेला घरचा बुढा," ते येईल त्याला समजावून सांगतात. "कोण आला, कोणाकडं आला, इचारते अन् आत आवाज देते. कंट्रोलर म्हंजे घरची माय, सारं तिलेच करा लागते. मॉडेल म्हंजे धान्याची कोठी. अन् व्ह्यू म्हंजे वाढलेलं ताट. आता सांग, एखादा पाहुणा वाट चुकून आपल्या ओसरीवर आला, तं बुढा काय त्याले म्हणन, पान सापडलं नाई?"

ओसरीत फॉर्मवर लाल अक्षरं चालत नाहीत. मोबाइल नंबर अर्धवट भरला, तर पान म्हणतं, 'एखादा आकडा राहिला वाटते, पाहून घ्या.' जरा वेळ काही केलं नाही म्हणून माणसाला बाहेर काढायचं, हेही चालत नाही. "तो बिचारा गाय बांधाले गेलता, तं आपण दार लावून घ्यायचं काय?" आणि पत्ता चुकला, तर ओसरी म्हणते, 'रामराम. वाट चुकली वाटते. कुठं जायचं होतं? फोन करा.' खाली मोबाइल नंबर. कोणाचा? दिगांबरभाऊंचा स्वतःचा!

मी डोक्याला हात लावला होता. पण खरा तमाशा पुढेच होता.

आर्वीच्या एका शेतमाल खरेदी कंपनीचं काम आम्ही घेतलं. कापूस, सोयाबीन आणायचा असेल तर शेतकऱ्याने मोबाइलवर नोंदणी करून आपला नंबर लावायचा. नोंदणीची लिंक गावोगावच्या ग्रुपवर फिरली. आता आमच्याकडचा माणूस नुसती लिंक पाठवील काय? रामराम घातल्याशिवाय निरोप पुरा कसा होणार? प्रत्येकाने लिंकच्या पाठीला रामराम चिकटवला, मध्ये जागा न सोडता. फोनला वाटे, रामराम हाही पत्त्यातलाच. दाबला की माणूस थेट चुकीच्या पानावर, आणि तिथून दिगांबरभाऊंच्या कानात.

अख्खा हंगाम फोन! घास तोंडात असताना फोन, मी महत्त्वाचं काही विचारत असताना फोन. भाऊ नुसती वाट सांगून सोडतील तर ना. "कोणत्या गावचे जी तुमी? कापसाची पऱ्हाटी कशी हाये? कंबरेचं दुखणं काय म्हणते?" मी दातओठ खात बसायचो. हे ऑफिस आहे की एसटीची चौकशीची खिडकी?

शेवटी कंपनीच्या नव्या मॅनेजर मॅडमनी आम्हाला आर्वीला बोलावलं. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "शेतकऱ्यांचा समज झालाय, की नोंदणी करायची तर आधी एका काकांशी बोलावं लागतं. ही तुमची ओसरी काढा आणि जगात चालते ती फ्रेमवर्क घ्या. नाहीतर आम्ही दुसरं कोणी बघतो."

भाऊ उभे राहिले. "माणूस रामराम घालते, अन् तुमची जगातली मशीन त्याले म्हणते पान सापडलं नाई! हे काय बोलणं झालं?"

"नकोच म्हणू दे," मॅडम म्हणाल्या. "पण पत्त्यात रामराम आला तरी नोंदणीचंच पान उघड, एवढं तुमच्या राउटरला शिकवता येत नाही का?"

दिगांबरभाऊ खाली बसले. मग म्हणाले, "येते."

"वेळ किती लागेल?"

"चहा येईस्तोर होते."

मॅडमनी हसून सांगितलं, की उद्या सकाळपर्यंत करा, मग तुमची ओसरी राहू द्या. मला हसू आलं नाही. माझी नुसती आग झाली. आर्वीच्या बसस्टँडवर येईपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो आणि मग फुटलो.

"चहा येईस्तोर? भाऊ, अख्खा हंगाम मी त्या फोनपायी जीव जाळला! ओसरी हातची जात होती आत्ता! तुम्हाला येत होतं, तर आधीच काऊन नाई केलं?"

ते फलाटावरच्या पाटीकडे बघत होते. तिथे वर्ध्याची गाडी लागते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"केलं असतं बाप्पा," ते म्हणाले. "पण मंग मले फोन कोणाचा येनार?"

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी हैदराबादला असते, हे मला ठाऊक होतं. रोज दोन माणसांच्या डब्यातलं जास्तीचं मीच खात होतो. तरी हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि गाडीत चढल्यावर रागातच मी त्यांचंही तिकीट काढलं.

गाडीत ते एवढंच बोलले, "संध्याकाळी घरच्या ओसरीवर खुर्च्या टाकतो. झोपाच्या वक्ताले उचलतो." मग आंजी आली आणि उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचायच्या आत त्यांनी काम केलेलं होतं. आणि नुसतं केलं नव्हतं. पत्त्यात रामराम घालून कोणी आलं, तर नोंदणीचं पान उघडत होतंच, वर 'रामराम' असं उलट उत्तरही देत होतं. मॅडम खूश झाल्या. ओसरी वाचली.

फोन मात्र बंद झाले. मी निवांत जेवू लागलो आणि मला घास गोड लागेना. भाऊ अधूनमधून मोबाइल उचलून बघायचे. एकदा म्हणाले, "सतीश, माह्या फोनवर एक मिस कॉल देजो बरं. रेंज पाहतो." मी दिला. रेंज भरपूर होती.

रविवारी सकाळी मी सेलूच्या स्टँडवर गेलो आणि फोन लावला. पहिली घंटी पुरी वाजलीच नाही.

"रामराम. कुठं जायचं होतं?" माझा नंबर न बघताच त्यांनी उचलला होता.

"रामराम भाऊ. सतीश बोलतो. आंजीले यायचं होतं. तुमचं घर कसं सापडते?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यांनी मला आंजीची वाट सांगायला सुरुवात केली. कोणत्या बाजूने उतरायचं, कोणतं दुकान लागतं, त्या दुकानदाराचा मुलगा काय शिकतो, वळण कुठे, विहीर कुठे. सगळं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"भाऊ, समजलं! ठेवतो आता," मी वैतागून ओरडलो. "माझी बस अजून यायची आहे!"

"मंग काय झालं? ठेवू नको," दिगांबरभाऊ म्हणाले. "येईस्तोर सांगत राह्यतो."