हिची ग्रामसभा

शेवटचं म्हणाल तर मी हिला पेपर वाचून दाखवला. ही पडवीत मांदेली साफ करत बसलेली, मी खुर्चीत. कुठल्याशा पुढाऱ्याने पक्ष बदलला होता, ती बातमी.

"परत वाचा," ही म्हणाली. "ओळ चुकलात."

"नाय चुकलो."

"मग परवा ज्याला चोर म्हणाला त्याच्याच गळ्यात हार कसा घालील? नीट वाचा."

मी चौथी शिकलेला, जन्म मासेमारीच्या बोटीवर काढलेला. जोडाक्षराला अडखळतो, ते खरं. पण ओळ मी चुकत नव्हतो, पुढारी चुकत होते. तीनदा वाचलं. मग म्हणाली, "मेल्यांना सगळ्यांना एका होडीत घाला नि सोडा भरतीला. कोण कुठच्या बाजूला बसतो बघू."

"होडी कलंडेल."

"मग काय सांगते मी?"

द्वारका माझी बायको. चाळीस वर्षं जेटीवर मासे विकले. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण ग्रामसभा एक चुकवली नाही. लग्नाला उशिरा जाईल, बारशाला जाणारच नाही, ग्रामसभेला मात्र पहिली. बाकीच्या बायका मागे भिंतीला टेकून, ही पुढच्या सतरंजीवर मांडी घालून. मी दाराबाहेर, चपलांजवळ. मला लाज वाटायची.

आमच्याकडे सरपंच बाई आहे. चांगली आहे बिचारी, पण बोलतो तिचा नवरा. एकदा ही उठली. "भाऊ, आम्ही मत कोणाला दिलं?"

"हिलाच की."

"मग तोंड उघडू दे तिला. दात आलेत का बघू."

सभा हसली. सरपंच बाईपण पदराआड हसली. नवरा तेवढा हसला नाही.

हिचा प्रश्न एकच असायचा. जेटीवर बायकांना संडास नाही. पहाटे लिलावाला जायचं, दुपारी घरी यायचं. तोवर बायका पाण्याचा घोट घेत नसत, घेतला तर जायचं कुठे? पुरुषांचं काय, होडीच्या आड उभे राहिले की झालं. ही दर सभेत विचारायची, ते लिहून घ्यायचे. लिहिलेलं कुठे जातं हे तिला कळलं नाही. मला वाचता येतं, मलाही कळलं नाही.

मग निवडणूक आली. एक मोठ्या बाई मतं मागायला जेटीवर आल्या. हिने त्यांना टोपली पालथी घालून बसवलं नि कोकम सरबत दिलं. एक ग्लास, दुसरा, तिसरा. "घ्या ताई, उन्हातनं आलात." नि बोलत बसली. भाव, बर्फ, डिझेल, सुनेचं बाळंतपण. आम्हाला सून नाही. आम्हाला एकच मुलगी, ती मिरजोळ्याला दिलेली. तास झाला. बाई चुळबुळायला लागल्या. शेवटी हिच्या कानाला लागल्या, "इथं जवळपास कुठं...?"

ही सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ताई, आम्हीपण तेच विचारतो!"

बाई गाडीत बसून गेल्या. पण निवडून आल्या नि वर्षभरात संडास बांधून दिला. वर टाकी, आत फरशी. फीत कापली, पेढे वाटले. नि कुलूप घातलं. का, तर टाकीला नळ जोडलाच नव्हता.

पुढच्या ग्रामसभेत ही कुलपावरून उठली. सरपंचाचा नवरा म्हणाला, "नळ येईल तेव्हा येईल. तोवर विहिरीवरून पाणी कोण भरणार? पंचायतीकडे माणूस नाही. सांगा कोण भरतो, किल्ली देतो."

ही वळली नि माझ्याकडे बोट केलं. "आमचे हे भरतील. बोटीवरून उतरल्यापासून घरातच बसलेत."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "बायकांच्या संडासाचं पाणी मी भरणार नाय."

लोक हसले. ही खाली बसली. सभेत ती आपणहून खाली बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

पेपर वाचला तो त्याच संध्याकाळी. सभेचं एक अक्षर काढलं नाही तिने. दुसऱ्या दिवशी दुपारी जेटीवरून आली, पायरीवर बसली, "पाणी द्या" म्हणाली. मी तांब्या आणला तर मान कलंडलेली.

तेरावं झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे." नाही गेलो. पेपर बंद केला. घरात बोललो तर भांड्यांशीच.

मग एका संध्याकाळी हलिमा आली. जेटीवर हिच्या शेजारी बसते, तीस वर्षांपासूनची मैत्रीण. खुर्चीवर घडी घातलेले जुने पेपर बघून म्हणाली, "भाऊ, पेपर नाय आला?"

"बंद केला. ऐकणारी गेली."

हलिमा हसली, मग डोळे पुसले. "अवो, ती तुमच्याकडनं बातम्या ऐकायची? माझ्या मोबाईलवर सकाळीच सगळं ऐकून व्हायचं तिचं. तो पक्ष बदललेला? त्याला लिलावातच शिव्या घालून झाल्या होत्या."

"मग मला परत परत कशाला वाचायला लावायची?"

"ती म्हणायची, बोटीवरनं उतरल्यापासून माणूस मुका झालाय. वाचताना तरी आवाज निघतो त्याचा."

मी खुर्चीवरचे पेपर उचलून ठेवले नि विचारलं, "कुलूप काढलं काय?"

"कोण काढणार? तशाच बसतो आम्ही, तहानलेल्या."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सरपंचाच्या दारात गेलो. नवरा झोपलेला. किल्ली बाईनेच आणून दिली, कोणाला विचारलं नाही. विहिरीवर बायकांच्या मागे हंडा घेऊन उभा राहिलो. एकीने विचारलं, "काका, तुमी?"

"जेटीवरच्या संडासाला," म्हणालो. कोणी हसलं नाही. एकीने मला पुढे घेतलं.

खांद्यावर जाळी वाहिलेली, हंडा नाही. निम्मं पाणी अंगावर सांडलं. शिडीवरून टाकीत ओतायला नऊ खेपा झाल्या. मग कुलूप काढलं नि हलिमाला हाक मारली. ती टोपली सोडून आली. मी लांब जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो.