लिंबाचा उतारा

रसायनशास्त्राचे सर निवृत्त झाल्यापासून घरातल्या घाणीच्या मागे हात धुऊन लागले होते. त्या सकाळी न्हाणीघर धुवायला त्यांनी बादलीत ब्लीच कालवलं आणि फोन वाजला म्हणून बादली तशीच टाकून बाहेर गेले. परत येतात तो काय, घरची मांजरी बादलीत तोंड घालून लपलप पितेय!

"अहो, लाळ गळतेय हिची!" बायको ओरडली. "डॉक्टरांना फोन लावा आधी!"

"डॉक्टर कशाला? तीस वर्षं काय गवत उपटत होतो मी? ब्लीच अल्कधर्मी. वरून आम्ल द्यायचं, विषय संपला. लिंबू आण."

"आणि मेली म्हणजे?"

"अगं, शास्त्र आहे हे!"

बायको जागची हलली नाही, तेव्हा सरांनी स्वतःच लिंबू कापलं. मांजरी कपाटाखाली घुसली. सरांनी पालथं पडून एक हात आत घातला. मनगटावर चार ओरखडे उठले आणि हात बाहेर ओढताना दुसऱ्या हातातलं लिंबू नेमकं त्यांवरच पिळलं गेलं. शास्त्राने आपलं काम चोख बजावलं. सर असे बोंबलले की मांजरी बघायला बाहेर आली.

एव्हाना बायकोने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. "उलटी करवू नका," ते म्हणाले. "आंबट काही देऊ नका. तोंड आणि पंजे साध्या पाण्याने धुवा, थोडं पाणी पाजा, आणि ब्लीचची बाटली घेऊन लगेच निघा."

"हा कोण मला शिकवणारा?" सर पुटपुटले. पण मांजरी बायकोच्या मांडीवर मलूल पडली होती आणि बायको रडत होती. सरांनी मुकाट्याने तांब्या भरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मांजरीच्या तोंडात दिवा धरून नीट पाहिलं. "ब्लीच पातळ होतं म्हणून निभावलं. आजचा दिवस इथेच ठेवू. लिंबूबिंबू नाही ना दिलंत?"

"छे!" सरांनी मनगट पाठीमागे नेलं.

"बरं केलंत. पोटात भाजलं असतं, विषारी वायू सुटला असता तो वेगळाच."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" सरांनी घुश्शातच विचारलं.

"तुम्हीच, सर! ओळखलं नाहीत? नववीत मी ब्लीचमध्ये लिंबू पिळायला निघालो होतो. तुम्ही कान धरून तासभर वर्गाबाहेर उभं केलंत. जन्मात विसरणार नाही."

बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. सर उठले आणि कोणी न सांगताच दाराबाहेर जाऊन उभे राहिले.